दंगलीच्या आधीचं वर्ष

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलीत ९०० माणसं मेली, अशी नोंद न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्याच दिवसांत मुंबईपासून फार तर दीड तासाच्या अंतरावर असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. भिवंडीचा पूर्वेतिहास पाहता हे कुणाच्याही अपेक्षेत नव्हतं. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण दंगल झाली होती आणि न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली होती. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली आणि तिच्याबरोबर ठाणं आणि मुंबईही होरपळली. यंत्रमागांची दाटीवाटीची वस्ती, पोटासाठी परगावाहून आलेले कामगार, जुन्या जखमा हे सारं १९९२ मध्येही तसंच होतं. बदललेली एक गोष्ट अशी, की १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. सुमारे ७० समित्या होत्या, त्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसं होती आणि त्या वर्षभर नियमित भेटत होत्या. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तकच लिहिलं. ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडल्याची बातमी आली तेव्हा भिवंडीतल्या माणसांना एकमेकांची ओळख नव्याने करून घ्यावी लागली नाही. ती चार वर्षांपूर्वीच झालेली होती.

आपल्या गावात, शहरात सलोखा राहावा म्हणून काही करावं असं मनापासून वाटणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी हा लेख आहे. त्यांना सहसा जे सुचवलं जातं ते घटना घडून गेल्यानंतरचं असतं. मेणबत्त्या लावा, एकता रॅली काढा, शपथ घ्या. त्यामागची भावना खरी असते, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण हाताशी असलेला पुरावा वेगळी दिशा दाखवतो. शांततेचं काम दंगलीच्या आधीच्या वर्षात होतं. वेगवेगळ्या समाजांतले तरुण एखाद्या खऱ्याखुऱ्या कामात, बरोबरीच्या नात्याने, एकाच संघात वर्षभर राबलेले असतील तर अफवेच्या रात्री त्यांच्या फोनला किंमत येते. तसे राबलेले नसतील तर त्या रात्री कितीही चांगलं बोलून उपयोग होत नाही, कारण ऐकणाऱ्याचा बोलणाऱ्यावर विश्वासच नसतो.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात तणाव कसा वाढत गेला ते पाहिलं की तरुणांचीच गरज का आहे ते कळतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसाचार होऊन एकाचा जीव गेला. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या महाल भागात एका अफवेनंतर जाळपोळ झाली. स्टेटस चोवीस तासांत आपोआप नाहीसं होतं, पण त्याचा स्क्रीनशॉट नाहीसा होत नाही. संध्याकाळी कुणीतरी तो टिपतो, रात्री दहापर्यंत तो शंभर ग्रुपांवर जातो, मध्यरात्री पोलीस ठाण्यासमोर गर्दी होते आणि सकाळी बंदची हाक दिलेली असते. या साखळीत वडीलधारे फारसे नसतात. स्टेटस ठेवणारा पोरसवदा, टिपणारा त्याच्याच वर्गातला, फॉरवर्ड करणारेही त्याच वयाचे. पोलीस ठाण्यातल्या शांतता कमिटीच्या बैठकीला मात्र साठी ओलांडलेले मान्यवर, माजी नगरसेवक आणि ट्रस्टी बसलेले असतात. सभ्य, अनुभवी माणसं असतील ती, पण रात्री साडेदहाला त्या ग्रुपांमध्ये काय चाललं आहे ते त्यांना सकाळी कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०१५ रोजी मंजूर केलेल्या २२५० क्रमांकाच्या ठरावात १८ ते २९ वयाच्या तरुणांना शांततेच्या निर्णयप्रक्रियेत स्थान द्या असं म्हटलं आहे. तो ठराव युद्धग्रस्त देशांना समोर ठेवून झाला असला, तरी हे तत्त्व तालुक्याच्या पोलीस ठाण्यालाही तंतोतंत लागू पडतं.

आता पुरावा थोडा खोलात जाऊन पाहू, कारण काय करायचं ते त्यातूनच ठरतं. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद तपासली. दंगलींतले मृत्यू देशभर सारखे विखुरलेले नाहीत, काही मोजक्या शहरांतच ते एकवटले आहेत, असं त्यांना आढळलं. मग त्यांनी शहरांच्या जोड्या लावल्या. अलीगढ आणि कोझिकोड या दोन शहरांत मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखंच आहे, पण अलीगढ वारंवार पेटतं आणि कोझिकोड पेटत नाही. कोझिकोडमध्ये सुमारे ८३ टक्के लोकांनी आपण दुसऱ्या समाजातल्या लोकांबरोबर अनेकदा जेवतो असं सांगितलं, अलीगढमध्ये ५४ टक्क्यांनी. आमची मुलं एकत्र खेळतात असं कोझिकोडमध्ये ९० टक्के कुटुंबांनी सांगितलं, अलीगढमध्ये ४२ टक्क्यांनी. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातला खरा महत्त्वाचा निष्कर्ष याच्या पुढचा आहे. शेजारधर्म, येणंजाणं, सणाची खीर हे लहान गावाला पुरतं. शहर मोठं झालं की ते पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच व्यापारी संघात, एकाच कामगार संघटनेत, एकाच वाचनालयाच्या कार्यकारिणीत असावी लागतात, कारण तिथे त्यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले असतात. अफवा दोन्ही ठिकाणी उठतात. १९९० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या रुग्णालयात हिंदू रुग्णांना मारल्याची खोटी बातमी अलीगढमधल्या स्थानिक वर्तमानपत्रांनी छापली आणि ती खपली. अयोध्या आंदोलनाच्या काळात कोझिकोडमध्येही अफवा पसरल्या, पण तिथल्या समित्यांनी आणि प्रशासनाने मिळून त्या तिथल्या तिथे खोडून काढल्या.

दुसरा पुरावा क्रिकेटच्या मैदानावरचा आहे आणि आपल्याकडच्या मंडळांनी तो अवश्य समजून घ्यावा. अर्थतज्ज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन एक प्रयोग केला. काहींना एकजातीय संघांत घातलं, काहींना मिश्र संघांत. कोण कुठे जाणार आणि कुणाविरुद्ध खेळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. महिनाभर सामने झाले. मिश्र संघात एकत्र खेळलेल्यांत जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या आणि आपल्याच जातीला झुकतं माप देण्याची सवय कमी झाली. समोरच्या संघात दुसऱ्या जातीचे खेळाडू होते तिथे उलटं घडलं. दुसऱ्या जातीशी येणंजाणं एकूणात कमीच झालं. म्हणजे नुसता संपर्क पुरत नाही, संपर्क कोणत्या नात्याने येतो यावर सारं अवलंबून आहे. आपल्याकडे ‘सद्भावना चषक’ म्हणून होणाऱ्या कित्येक स्पर्धांत एका आळीचा संघ दुसऱ्या मोहल्ल्याच्या संघाविरुद्ध उतरतो, दोन्हीकडे आपापल्या घोषणा होतात आणि शेवटी पाहुण्यांच्या हस्ते चषक दिला जातो. हेतू चांगला असला तरी या आराखड्याने दरी वाढण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या मंडळाने स्पर्धा घ्यायची असेल तर नावं एकेकट्याची घ्या, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढून संघ पाडा आणि संघाला जागेचं, जातीचं, देवाचं नाव देऊ नका. हा बदल करायला एक पैसा लागत नाही.

या पुराव्याची मर्यादाही मनात ठेवली पाहिजे. इराकमध्ये आयसिसच्या हल्ल्यांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिश्चन तरुणांच्या फुटबॉल संघांत सलमा मूसा यांनी काही ठिकाणी मुस्लिम खेळाडू घातले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की मिश्र संघात खेळलेले ख्रिश्चन खेळाडू मुस्लिम खेळाडूंशी पुढेही चांगले वागले, सहा महिन्यांनंतरही त्यांच्याबरोबर सराव करत होते. मात्र मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांविषयीचं वागणं फारसं बदललं नाही. तेव्हा एका स्पर्धेने समाजाचं मन बदलेल अशी आशा धरू नका. ओळखीच्या पाचपंचवीस माणसांमध्ये एकमेकांच्या शब्दाला किंमत येते, इतकंच पदरात पडतं. मात्र अफवेच्या रात्री लागतं तेही तेवढंच.

गट बांधायला बसाल तेव्हा पंधरा ते वीस जण पुरे. त्याहून मोठा गट सुरुवातीला फक्त फोटोपुरता जमतो. त्यात गावातले सगळे समाज आणि सगळे मोहल्ले हवेत. हिंदू-मुस्लिम एवढंच समीकरण डोळ्यांसमोर ठेवू नका. अनेक गावांत खरी ताणाची रेघ दलित वस्ती आणि गावठाण यांच्या मधून जाते, काही ठिकाणी आरक्षणाच्या वादाने मराठा आणि ओबीसी तरुणांमध्ये अबोला आला आहे, काही ठिकाणी परप्रांतीय कामगारांची वस्ती कुणाच्या मोजणीतच नसते. तुमच्या गावात रेघ कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. गट त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी भरला पाहिजे. एका समाजाचे चौदा आणि ‘प्रतिनिधी’ म्हणून दुसऱ्याचा एक, अशी रचना झाली तर तो एकटा पाहुणा बनतो, त्याच्या तोंडून कधी तक्रार निघत नाही आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. गटाचे निमंत्रक दोन ठेवा, वेगवेगळ्या समाजांतले, आणि दोघांनाही सारखे अधिकार द्या. खोलीची किल्ली, हिशेबाची वही, ग्रुपचं ॲडमिनपद हे सगळं एकाच्याच हाती राहिलं की बरोबरी कागदावर उरते. मुलींना बोलवायचं तर भेटीची वेळ आणि जागा त्यांच्या सोयीची हवी. संध्याकाळी सहाच्या आत, शाळेत किंवा वाचनालयात, आणि घरच्यांना कोण-कोण येतं ते आधी माहीत असेल अशी. आज मुलामुलींच्या साध्या ओळखीकडेही संशयाने पाहिलं जातं, त्याची झळ मुलींना बसू नये ही जबाबदारी गटाची आहे.

गटाला काम कोणतं द्यायचं हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर ‘शांतता’ असं देऊ नका. नुसत्या शांततेसाठी जमलेल्या माणसांना चौथ्या बैठकीत बोलायला काही उरत नाही. गावाला लागणारं, कंटाळवाणं, दर आठवड्याला करावं लागणारं काम घ्या. स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालवणं हे महाराष्ट्रात फार सोयीचं काम आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी सगळ्या समाजांतली मुलं तिथे एकाच टेबलावर बसतात, भाडं आणि वीजबिल वाटून भरतात, जागेवरून भांडतात आणि मिटवतातही. पावसाळ्याआधी दोन वस्त्यांमधला नाला साफ करून घेण्याचा पाठपुरावा, रक्तदात्यांची गटवार यादी आणि तिच्यावर रात्री-बेरात्री फोन उचलणारी पाळी, सरकारी रुग्णालयात येणाऱ्या खेड्यातल्या नातेवाइकांना कागदपत्रांत मदत, ही कामंही तशीच. रक्ताच्या यादीचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. मध्यरात्री दुसऱ्या मोहल्ल्यात फोन करायची सवय तिने लागते आणि तो फोन आला म्हणजे काही अघटित घडलंच असेल असं कुणाला वाटत नाही. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं एकक असेल तर जागा, ओळखपत्र आणि एक जबाबदार प्राध्यापक आयता मिळतो, त्याचा उपयोग जरूर करून घ्या.

सणांची तयारी हे गटाचं दुसरं मोठं काम. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत खिलाफत समितीने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, राज्य सरकारने २९ सप्टेंबरची सुट्टी जाहीर केली आणि दोन्ही मिरवणुका सुरळीत पार पडल्या. २०२४ आणि २०२५ मध्येही तारखा जवळजवळ आल्या आणि दोन्ही वेळा जुलूस पुढे ढकलण्यात आला. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडमध्ये तर अनेक वर्षं मशिदीत गणपती बसतो. बाहेरच्यांना त्याचं नवल वाटतं, पण तिथे ती गावाची रीत आहे आणि दरवर्षी बसून ठरवण्याची सवय तिच्या मुळाशी आहे. तुमच्या गटाने सणाच्या महिनाभर आधी मिरवणुकीचा मार्ग स्वतः चालून पाहावा. कोणत्या वळणावर रस्ता अरुंद आहे, प्रार्थनास्थळासमोर मिरवणूक साधारण किती वाजता येते, नमाजाची किंवा आरतीची वेळ कोणती, डीजेवाल्याशी कोण बोलणार, हे सगळं एका कागदावर लिहून दोन्ही मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे ठेवा. भांडणाचं निमित्त बहुधा एखादं वळण आणि पंधरा मिनिटांचा उशीर एवढंच असतं. त्या वळणावर त्या पंधरा मिनिटांत दोन्हीकडची ओळखीची चार पोरं पाण्याचं टेबल मांडून उभी असतील तर निमित्त तिथेच विरतं.

अफवेबाबत मात्र शिस्त हवी, आणि ती आधी ठरवून घेतलेली हवी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारले. पोट भरायला फिरत आलेली ती भटकी माणसं होती. बाजाराच्या दिवशी संशय आला आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारहाण झाली. मुलं पळवणाऱ्या टोळीचे संदेश त्याआधी कित्येक दिवस त्या भागात फिरत होते. कुणीतरी त्या दिवसांत पोलीस ठाण्याला विचारून ‘अशी एकही तक्रार नाही’ एवढं खात्रीचं वाक्य अहिराणीत गावोगावी पोचवलं असतं, तर बाजारात जमलेल्या लोकांच्या मनात निदान एक शंका उभी राहिली असती. त्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. वेग त्याने थोडा कमी झाला, खात्री करण्याचं काम माणसांनाच करावं लागतं.

म्हणून असं ठरवून घ्या. संदेश आला की गटातला कुणीही तो मूळ रूपात पुढे पाठवणार नाही, ‘हे खरं आहे का?’ असं विचारण्यासाठीसुद्धा नाही, कारण त्या प्रश्नासकट तो पसरतो. संदेशातल्या जागेच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या सदस्याला फोन करायचा आणि त्याने स्वतः जाऊन किंवा तिथल्या दुकानदाराला विचारून सांगायचं. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाकून तो जुना किंवा परगावचा आहे का ते पाहायचं. मग ठाण्याच्या अंमलदाराशी बोलायचं. खात्री झाली की दोन ओळींचा खुलासा, बोलीभाषेत, शक्यतो त्या भागातल्या माणसाच्या आवाजात, आणि अफवा ज्या ग्रुपांवर पोचली आहे तिथेच टाकायचा. जिथे ती गेलेलीच नाही तिथे खुलासा टाकला तर आपणच अफवा पसरवतो. बातमी खरी निघाली तर ती दडपायची नाही. काय झालं, कुणावर कारवाई चालू आहे, जखमी कुठे आहेत हे जसंच्या तसं सांगायचं, कारण एकदा खोटं बोललेल्या गटाचं पुढे कुणी ऐकत नाही. आणि सगळ्यांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. ऐन वेळी इंटरनेट बंद होतं हे कोल्हापुरात दिसलं आहे, तेव्हा साध्या कॉलवर चालेल अशीच साखळी हवी.

आक्षेपार्ह स्टेटस ठेवणाऱ्या मुलाचं काय करायचं हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात सगळ्यात जास्त चुका होतात. गर्दी त्याच्या दारात जाण्याआधी त्याच्याच समाजातला गटाचा एक सदस्य आणि दुसरा, त्याला ओळखणारा, असे दोघे घरी जा. आईवडिलांसमोर बोला, मजकूर काढायला लावा आणि ठाण्याला कळवा. त्याला गुडघ्यावर बसवून माफीचा व्हिडिओ काढण्याची जी पद्धत पडली आहे तिच्यात चुकूनही सामील होऊ नका. तो व्हिडिओ त्याच्या समाजात अपमान म्हणून फिरतो आणि पुढच्या स्टेटसची तयारी तिथूनच होते. कायद्याची माहितीही त्याला आणि सगळ्याच सदस्यांना आधीच असावी. समाजांत तेढ निर्माण करणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि गुन्हा नोंदला गेला की नोकरीच्या, पासपोर्टच्या पडताळणीत तो समोर येतो. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला ही गोष्ट सलोख्याच्या भाषणापेक्षा लवकर पटते, आणि अशा व्यवहारी कारणाने तो थांबला तरी हरकत नाही.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे. दंगली आपोआप होत नाहीत, कुणीतरी घडवतं, आणि सरकारने मनात आणलं तर त्या काही तासांत थांबतात. मग पोरांच्या गटाने काय होणार? स्टीव्हन विल्किन्सन यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात भारतातल्या राज्यांचा अभ्यास करून हेच मांडलं, की पोलिसांना दंगल मोडण्याचा आदेश मिळतो की नाही हे मतांच्या गणितावर ठरतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. भिवंडीतही समित्या पोलिसांनीच उभ्या केल्या होत्या. पण घडवणाऱ्याला हातही लागतात. दगड मारायला, दुकान दाखवायला, ‘आपल्यावर हल्ला झाला’ म्हणून ओरडत यायला स्थानिक मुलंच लागतात. ती मिळाली नाहीत की डाव फसतो, निदान महाग पडतो. शिवाय तीन वर्षं काम केलेला, ठाण्यातल्या अधिकाऱ्यांना नावानिशी ओळखणारा गट ‘अमुक वाजता आम्ही ११२ वर फोन केला होता’ असं लेखी सांगू शकतो. कर्तव्य टाळणाऱ्या यंत्रणेला अशा नोंदीचा धाक असतो. म्हणून प्रत्येक फोनची वेळ आणि घेणाऱ्याचं नाव वहीत लिहा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो बहुधा दलित आणि अल्पसंख्य तरुणांकडून येतो. शांतता म्हणजे आम्ही गप्प बसायचं का? हा प्रश्न रास्त आहे. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, नळाचे वाद गावात मिटवण्याची कल्पना उत्तमच. पण ‘गावाचं नाव खराब होतंय, मिटवून घ्या’ हा दाब नेहमी कमजोर माणसावरच येतो. त्यासाठी गटाने आपली सीमा पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. जातीवरून झालेला अत्याचार, स्त्रीवरची हिंसा, गंभीर मारहाण यांत गट मध्यस्थी करणार नाही. यांतल्या जातीवरच्या अत्याचारांसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अशा घटनांत गटाचं काम तक्रारदाराबरोबर ठाण्यात जाणं, एफआयआरची प्रत मिळेपर्यंत थांबणं आणि नंतर त्याच्यावर गावात बहिष्कार पडणार नाही हे पाहणं. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेतल्या अखेरच्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत असं बजावलं होतं. समता बाजूला ठेवून बंधुता मागणाऱ्या गटातून सगळ्यात आधी दलित तरुण बाहेर पडतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

जिवाच्या सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. १ जुलै १९४६ रोजी अहमदाबादेत रथयात्रेच्या दिवशी दंगल भडकली तेव्हा वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे काँग्रेस सेवादलाचे दोन सहकारी जमावाला आवरायला गेले आणि दोघंही मारले गेले. वसंतराव मराठी कुटुंबातले, चाळिशीचे, रजब अली त्यांच्याहून बरेच तरुण. त्यांचं धैर्य वर्षानुवर्षं एकत्र केलेल्या कामातून आलं होतं आणि त्यापुढे मान झुकते. पण त्यांच्या बलिदानातून ‘जमावासमोर उभे राहा’ असा सल्ला एकवीस वर्षांच्या मुलांना देणं बेजबाबदारपणाचं होईल. हत्यारबंद जमाव रस्त्यावर उतरला की ते काम पोलिसांचं. गटाने त्या वेळी घरात राहून फोन चालवावेत, अडकलेल्या कुटुंबांची जागा कळवावी, जखमींसाठी रक्त आणि वाहन जुळवावं आणि आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना दाराबाहेर पडू देऊ नये. शेवटचं काम सगळ्यात अवघड असतं आणि ते आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच मुलांपुढे करावं लागतं.

असे गट विझतात, हाही अनुभव आहे. भिवंडीत खोपडे यांची बदली झाली आणि पुढे समित्यांची घडी विस्कटत गेली. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष होऊन दोन पोलिसांसह काही माणसांचे जीव गेले. अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभा राहिलेला गट अधिकाऱ्याबरोबर जातो. मुंबईत १९९३ नंतर तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली मोहल्ला समितीची चळवळ मात्र पुढे बरीच वर्षं चालली, त्याचं एक कारण तिला पोलिसांबाहेर स्वतःची संस्था होती. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी जे काम केलं ते तर दोघांच्या मैत्रीवर उभं होतं. तुमच्या गटालाही स्वतःची जागा, स्वतःची वही आणि स्वतःची थोडी वर्गणी हवी. राजकीय पक्षाकडून बॅनरचेही पैसे घेऊ नका. निमंत्रक दरवर्षी बदला. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणारा सदस्य जाण्याआधी आपल्याच मोहल्ल्यातला, अकरावी-बारावीतला एक जण गटात आणून जाईल असा नियम करा. ठाण्यात नवा अधिकारी आला की पहिल्या आठवड्यात दोन्ही निमंत्रकांनी भेटून सदस्यांची यादी आणि मागच्या वर्षीच्या मिरवणूक मार्गाचा कागद द्यावा आणि शांतता कमिटीत दोन जागा लेखी मागाव्यात.

सुरुवात दिवाळी उरकल्यावर करा. गणपती, ईद, नवरात्र तोवर पार पडलेले असतात, डोकी थंड असतात आणि पुढचा गणेशोत्सव यायला नऊ-दहा महिने हाताशी असतात. पहिल्या बैठकीला सज्जन, समंजस म्हणून ओळखली जाणारी मुलं येतीलच. त्यांच्याबरोबर प्रत्येक मोहल्ल्यातला असा एक जण बोलवा ज्याच्या एका हाकेवर पन्नास मोटारसायकली निघतात. तो पहिल्यांदा येणार नाही. रक्ताच्या यादीसाठी त्याच्याकडे नावं मागायला जा, अभ्यासिकेच्या छताचे पत्रे त्याच्या ओळखीतून मिळतात का ते विचारा, आणि काम झालं की हिशेबाच्या वहीत त्याचं नाव इतरांच्या ओळीत लिहा.